लायब्ररी समोर दिसतेय आणि एक्सकोड म्हणतो 'नो सच मॉड्यूल'

कंसमामा | सोमवार, रात्री ११:४८

तीन दिवस झाले, आता धागा काढतोच.

आमचं आयओएस ॲप (एक्सकोडमध्ये, म्हणजे ॲपलच्या ॲप बनवायच्या साधनात, बांधलेलं) चार वर्षं जुनं आहे, मी त्यात आलो चार महिन्यांपूर्वी. आधीच्या मंडळींचा परक्या कोडवर विश्वास नसावा, कारण हाताने ओढून टाकलेली दोन फ्रेमवर्क्स सोडली तर प्रोजेक्टमध्ये बाहेरचं काहीच नव्हतं. आता डिझाइनवाल्यांना ॲनिमेशन हवीत म्हणून लॉटी ही ॲनिमेशनची लायब्ररी घ्यायचं ठरलं. पॉडफाइल (बाहेरच्या लायब्रऱ्या आणून देणाऱ्या कोकोपॉड्सला द्यायची यादी) लिहिली, पॉड इन्स्टॉल मारलं, डीबगमध्ये, म्हणजे रोजच्या कामाच्या बिल्डमध्ये, ॲप पळालं, ॲनिमेशन नाचलं. खूश होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी टेस्टिंगवाल्यांना द्यायला स्टेजिंगची स्कीम (त्यांच्यासाठीची वेगळी बिल्ड मांडणी) निवडली आणि 'इम्पोर्ट लॉटी' या ओळीवर लाल पट्टी. नो सच मॉड्यूल 'लॉटी'. परत डीबग निवडलं की चालतं, स्टेजिंग निवडलं की फुटतं. मॅक तोच, कोड तोच, ओळ तीच.

करून झालेले उपाय: क्लीन बिल्ड, डिराइव्ह्ड डेटा (एक्सकोडने बिल्ड करताना बनवलेल्या फाइली) उडवणे, पॉड्सचं फोल्डर उडवून परत इन्स्टॉल, मॅक रीस्टार्ट. वर्कस्पेसच उघडतोय, प्रोजेक्ट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पॉड इन्स्टॉल नीट पूर्ण होतं, शेवटी हिरवं येतं. त्याखाली काहीतरी पिवळं येतं, पण ते पहिल्या दिवसापासून येतंय.

तर प्रश्न दोन. हे काय आहे? आणि असा एरर आला की तुम्ही सुरुवात कुठून करता? नेटवर जो तो 'हे पुसा, ते पुसा' सांगतो आणि निम्म्या लोकांना त्याने गुणही येतो. मला का येत नाही?

अनंत_लूप | सोमवार, रात्री ११:५३

वर्कस्पेस उघडा मामा. पांढरा आयकॉन. निळा नाही.

सासूबाई_कंपायलर | सोमवार, रात्री ११:५५

लूपराव, धागा वाचून प्रतिसाद द्यायचा असं ठरलं होतं ना आपलं? लिहिलंय त्यांनी.

अनंत_लूप | सोमवार, रात्री ११:५८

सॉरी, हात सवयीने गेला. निळा उघडला की पॉड्सचा प्रोजेक्ट बरोबर येतच नाही, मग मॉड्यूल कुठून सापडणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून. बरं, डिराइव्ह्ड डेटा... तेही लिहिलंय. जातो मी.

शून्यसूचक | मंगळवार, सकाळी ७:१०

मामा, ते पिवळं काय आहे ते इथे डकवा.

विसरभोळी | मंगळवार, सकाळी ९:२५

मी आयओएसवाली नाही, रिॲक्ट नेटिव्हवाली (जावास्क्रिप्टमध्ये मोबाइल ॲप लिहिणारी), पण दुखणं तेच म्हणून लिहिते. आमच्याकडे 'मॉड्यूल नाही' म्हणून दोन वेगळे जण ओरडतात आणि मला हे कळायला बरेच महिने लागले.

पहिला मेट्रो. तो जावास्क्रिप्टच्या सगळ्या फाइली गोळा करून एकत्र बांधतो. 'अनेबल टू रिझॉल्व्ह मॉड्यूल' तो म्हणतो. म्हणजे नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात किंवा आपणच दिलेल्या पाथवर त्याला फाइल दिसली नाही. इथे मेट्रो बंद करून कॅशे रीसेट करून पुन्हा चालू केला की खरंच सुटतं कधीकधी, कारण तो चालू असताना आपण पॅकेज घातलेलं असतं आणि त्याच्याकडची यादी जुनी असते.

दुसरं ओरडणं ॲप उघडल्यावर. 'नेटिव्ह मॉड्यूल इज नल', किंवा नव्या आर्किटेक्चरमध्ये 'टर्बो मॉड्यूल रजिस्ट्री... कुड नॉट बी फाउंड'. इथे मेट्रोची कॅशे कितीही धुतली तरी काही होत नाही. जावास्क्रिप्टची बाजू आलेली आहे, पण फोनवर जे ॲप बसलंय त्यात तिचा स्विफ्ट-कोटलिनमधला जोडीदारच नाही. तो यायचा तर ॲप नव्याने बिल्ड करून फोनवर टाकावं लागतं, रीलोडने येत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी दोन दिवस बंब घेऊन मेट्रोपाशी उभी होते.

एक्स्पो गोवर हेच. ते आधीच तयार केलेलं ॲप आहे, त्याच्या पोटात जी नेटिव्ह मॉड्यूल्स भरलीत तेवढीच तुम्हाला मिळणार. बाहेरचं ब्लूटूथचं पॅकेज घातलंत तर इन्स्टॉल बिनबोभाट होईल आणि चालवताना 'नाही' म्हणेल. त्यासाठी स्वतःचा डेव्हलपमेंट बिल्ड करावा लागतो. हे त्यांच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं, आयडीला जागले.

आणखी एक. ०.६० आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, नेटिव्ह बाजू आपोआप जोडली जाते. मी त्याआधीचा लेख वाचून वर आणखी लिंकची कमांड मारली आणि एकच मॉड्यूल दोनदा जोडलं गेलं. 'नाही' म्हणणारा एरर जाऊन 'दोन आहेत' म्हणणारा आला!

अनंत_लूप | मंगळवार, सकाळी ९:४०

शेवटच्या वाक्यावर चहा सांडला. म्हणजे प्रगतीच की.

आळशी_लोडर | मंगळवार, सकाळी १०:०२

विसरभोळी यांना +१. फ्लटरमध्ये याचंच नाव 'मिसिंग प्लगइन एक्सेप्शन'. हॉट रीलोड फक्त डार्ट कोड आत ढकलतो. हॉट रीस्टार्ट नाव मोठं असलं तरी तोही नेटिव्ह बाजूला हात लावत नाही. प्लगइन घातलं की ॲप पूर्ण थांबवायचं आणि पुन्हा रन करायचं. आमच्या टीममध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतो आणि प्रत्येक जण एकदा तरी येऊन विचारतोच.

एक चकवा मात्र वेगळा. डीबगला उत्तम, आणि प्ले स्टोअरसाठीच्या रिलीज बिल्डमध्ये तेच प्लगइन गायब. अँड्रॉइडचं बिल्ड आटोपशीर करणारा आर-८ न वापरलेले क्लास कापतो. जो क्लास कोडमधून थेट कुणी बोलावत नाही, फक्त नावाच्या स्ट्रिंगवरून शोधला जातो, तो त्याला बिनकामाचा वाटतो. 'क्लास नॉट फाउंड' येतो आणि आपण डिपेंडन्सी तपासत बसतो. डिपेंडन्सी होती हो, आपणच कापून बाहेर टाकली. प्रोगार्डच्या फाइलमध्ये त्या क्लाससाठी कीपची ओळ लिहायची.

मामा, तुमचंही 'एका कॉन्फिगरेशनमध्ये आहे, दुसऱ्यात नाही' असंच आहे. आयओएसमधलं मला कळत नाही, पण घोडं तिथेच पेंड खातंय असं वाटतं.

कंसमामा | मंगळवार, सकाळी १०:३०

सगळ्यांचे आभार. लोडरभाऊ, आर-८ आमच्याकडे नाही, आणि माझं कंपाइलच होत नाहीये, चालण्यापर्यंत गाडी जातच नाही. पण 'आधी कॉन्फिगरेशन बघा' हे पटलं. दुपारी बघतो.

शून्यसूचक | मंगळवार, सकाळी १०:३४

आणि पिवळं?

जुनाट_यंत्र | मंगळवार, दुपारी १२:१५

मूळ दुखणं कुणी बोलत नाहीये. एक बटण उडवायला अख्खी लायब्ररी कशाला? आधीच्या मंडळींनी चार वर्षं काही घातलं नाही, त्यांची चार वर्षं सुखात गेली. २०१६ साली एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून, लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड पडले. अकरा ओळी! डावीकडे रिकाम्या जागा भरायच्या, एवढंच त्याचं काम. त्यातूनही लोक काही शिकले नाहीत.

विसरभोळी | मंगळवार, दुपारी १२:३१

यंत्रकाका, लेफ्टपॅड मान्य. पण लॉटी म्हणजे आफ्टर इफेक्ट्समधून निघालेलं ॲनिमेशन वाचून पडद्यावर काढणारा इंजिनाएवढा ऐवज आहे. तो तुम्ही हाताने लिहिणार? आणि एन्क्रिप्शन? तेही हाताने लिहिणाऱ्यांची ॲप्स मी पाहिली आहेत. देव त्यांचं भलं करो.

जुनाट_यंत्र | मंगळवार, दुपारी १२:४०

एन्क्रिप्शन नाही म्हटलं मी. बटण म्हटलं.

सासूबाई_कंपायलर | मंगळवार, दुपारी १:२०

बटणावरून भांडण नको. अँड्रॉइडची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून थोडं लांबण लावतो. (हो, लावतो. सासूबाई फक्त आयडीत.)

ग्रेडलला, म्हणजे अँड्रॉइडचं बिल्ड करणाऱ्या साधनाला, मी शिव्या देतो, पण एका बाबतीत तो प्रामाणिक आहे. लायब्ररी सापडली नाही की तो 'कुठे कुठे शोधलं' याची यादी देतो. 'सर्च्ड इन द फॉलोइंग लोकेशन्स' आणि खाली पत्ते. लोक पहिली लाल ओळ वाचून सर्चला पळतात आणि ही यादी वाचतच नाहीत. यादीत गूगलचं भांडार आणि मेवन सेंट्रल दिसतंय आणि तुमची लायब्ररी आहे जिटपॅकवर, तर निदान तिथेच झालं. जिटपॅकचा पत्ता द्या, संपलं.

पत्ता कुठे द्यायचा हीसुद्धा एक गोम आहे. जुने लेख सांगतात बिल्डच्या ग्रेडल फाइलमध्ये. आताचे नवीन प्रोजेक्ट रिपॉझिटरींची यादी सेटिंग्जच्या ग्रेडल फाइलमध्ये ठेवतात आणि तिथे एक ओळ असते जिचा अर्थ 'इतर कुठे लिहिलंत तर मी बिल्ड पाडेन'. लेख खोटा नसतो, त्याचं वय झालेलं असतं.

वयावरून आठवलं. मी एक पाच वर्षं न उघडलेलं ॲप दुरुस्तीला घेतलं होतं. त्यात निम्म्या लायब्रऱ्या जेसेंटर नावाच्या भांडारावरून यायच्या. जेसेंटर बंद होणार हे फेब्रुवारी २०२१ मध्येच जाहीर झालं होतं. मग काही वर्षं ते वाचनमात्र राहिलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिकडच्या विनंत्या मेवन सेंट्रलकडे वळवल्या गेल्या. ज्या लायब्रऱ्यांच्या लेखकांनी दरम्यान घर बदललं नाही त्या गेल्या. माझ्या प्रोजेक्टमधली एक अशीच गेली. शेवटी जुन्या मालकाच्या लॅपटॉपवरच्या ग्रेडल कॅशेत तिची फाइल सापडली, ती काढून प्रोजेक्टमध्ये ठेवली. कॅशे पुसा म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबून विचार करावा.

वाचनमात्र | मंगळवार, दुपारी १:२६

माझं नाव कुणी घेतलं?

सासूबाई_कंपायलर | मंगळवार, दुपारी १:२७

या, या. तुमच्याबद्दलच चाललं होतं. बंद पडलात असं कळलं.

वाचनमात्र | मंगळवार, दुपारी १:४५

हाहा. एरवी नावाप्रमाणेच असतो, पण विषय निघालाय तर विचारतो. मी अजून शिकतोय, प्रश्न बाळबोध असेल. मामांसारखीच मीही लॉटी घातली. पॉडफाइलमध्ये नाव 'लॉटी-आयओएस' आहे. मग इम्पोर्ट करताना मी 'लॉटी' आणि 'आयओएस' यांच्यामध्ये अंडरस्कोअर घालून लिहिलं, कारण डॅश चालत नाही असं वाचलं होतं. नो सच मॉड्यूल. नुसतं 'लॉटी' लिहिल्यावर चाललं. हे कळायचं कसं?

शून्यसूचक | मंगळवार, दुपारी २:१०

बाळबोध नाही, चांगला प्रश्न आहे. पॅकेजचं नाव वेगळं आणि मॉड्यूलचं नाव वेगळं असू शकतं. पॅकेजचं नाव दुकानाच्या पाटीसारखं, मॉड्यूलचं नाव आत मिळणाऱ्या वस्तूचं. ॲपलचंच 'स्विफ्ट-अल्गोरिदम्स' पॅकेज घ्या, इम्पोर्ट करताना नुसतं 'अल्गोरिदम्स'. लेखकाने वेगळं नाव दिलं नसेल तर कोकोपॉड्स डॅशच्या जागी अंडरस्कोअर घालतो, तुमचा अंदाज त्या हिशेबाने बरोबरच होता. पण लॉटीच्या पॉडस्पेकमध्ये (पॉडची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) मॉड्यूलचं नाव वेगळं दिलेलं आहे. शंका आली की पॉडस्पेक उघडून बघायचं. स्विफ्ट पॅकेज असेल तर पॅकेजच्या मॅनिफेस्टमध्ये टार्गेटची नावं असतात, इम्पोर्ट त्यांचं होतं.

सासूबाई_कंपायलर | मंगळवार, दुपारी २:१४

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

उलटी_यादी | मंगळवार, दुपारी ३:५०

माझा किस्सा. एका सेवेचं तयार फ्रेमवर्क आम्हाला झिप फाइलमध्ये मिळालं, सोर्स नाही. टीममध्ये इंटेलचे मॅक होते तोवर सगळं आलबेल. मला एम-१ मिळाला आणि सिम्युलेटरवर 'मॉड्यूल सापडत नाही'. सहकाऱ्याच्या मशीनवर चालतंय, माझ्या फोनवरही चालतंय, फक्त माझ्या सिम्युलेटरवर नाही.

एरर पूर्ण वाचायला मला दीड दिवस लागला, कारण एक्सकोडच्या डाव्या पट्टीत तो अर्धाच दिसतो. पूर्ण वाक्याचा अर्थ असा होता: आर्म-६४ सिम्युलेटरसाठी मॉड्यूल सापडलं नाही, सापडलेली अमुक अमुक. आणि त्या 'सापडलेली'च्या यादीत फोनचं आर्म-६४ आणि इंटेल सिम्युलेटर, एवढंच. जुन्या पद्धतीच्या एकत्र फ्रेमवर्कमध्ये फोनचं आर्म-६४ आणि सिम्युलेटरचं आर्म-६४ एकत्र बसूच शकत नाहीत, आर्किटेक्चर एकच असल्यामुळे. त्यासाठी एक्ससीफ्रेमवर्क लागतं, ज्यात प्रत्येकाचा कप्पा वेगळा. ही सोय एक्सकोड ११ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. देणाऱ्यांनी ती वापरली नव्हती.

नवीन फाइल मिळेपर्यंत सिम्युलेटरसाठी आर्म-६४ वगळायची सेटिंग लावून रोझेटावर (नव्या मॅकवर इंटेलचा कोड चालवणाऱ्या दुभाष्यावर) दिवस काढले. ती सेटिंग नंतर काढायची राहिली आणि पुढच्या लायब्ररीला तिनेच छळलं, ते वेगळं.

कंसमामा | मंगळवार, दुपारी ४:३०

यादी, हे वाचून मीही डावी पट्टी सोडून पूर्ण लॉग उघडला. माझा एरर एवढाच आहे: नो सच मॉड्यूल. 'सापडलेली' वगैरे काही नाही.

पण एक गंमत दिसली. डिराइव्ह्ड डेटामध्ये स्टेजिंगच्या बिल्डचं फोल्डर उघडून बघितलं, तर तिथे 'लॉटी-आयओएस' नावाच्या फोल्डरात लॉटीचं फ्रेमवर्क तयार होऊन पडलेलं आहे! ताजं, आजच्या वेळेचं. म्हणजे बनतंय. बनून तिथेच आहे. आणि तरी म्हणतोय नाही.

सासूबाई_कंपायलर | मंगळवार, दुपारी ४:३३

काखेत कळसा!

शून्यसूचक | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

हा फार कामाचा पुरावा दिलात मामा. आता तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, सुरुवात कुठून करायची.

मी 'काय नाही' हे नंतर बघतो, आधी 'कोण म्हणतंय' ते. आयओएसमध्ये निदान चार जण आहेत. एक, एडिटर. तो टाइप करतानाच लाल करतो, त्याचा इंडेक्स शिळा असतो, आणि बऱ्याचदा बिल्ड मारला की लाल आपोआप जातं. बिल्ड पास होत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. दोन, कंपायलर. 'नो सच मॉड्यूल' तो म्हणतो. त्याला ठराविक फोल्डरांची यादी दिलेली असते, तेवढ्यातच तो शोधतो. मॉड्यूल जगात आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तीन, लिंकर. 'फ्रेमवर्क नॉट फाउंड' किंवा 'अनडिफाइन्ड सिम्बॉल्स' त्याचं. इथवर आलात म्हणजे इम्पोर्ट पार पडलंय. चार, ॲप उघडताना लायब्रऱ्या चढवणारा डीवायएलडी. 'लायब्ररी नॉट लोडेड' म्हणत ॲप पहिल्या पडद्याआधीच कोसळतं. तेव्हा सगळं सापडलेलं असतं, फक्त फ्रेमवर्क ॲपच्या पोटात भरायचं राहिलेलं असतं. 'एम्बेड अँड साइन' बघायचं.

'पुसा' हा सल्ला काहींना लागू पडतो, कारण त्यांचा दोष शिळ्या फाइलींचा असतो. तुमचा दोष सेटिंगमध्ये आहे. सेटिंग पुसली जात नाही, म्हणून दर वेळी तेच परत उगवतं.

तुमचं फ्रेमवर्क बनतंय, म्हणजे पॉड्सचा प्रोजेक्ट निर्दोष. कंपायलरला दिसत नाही, म्हणजे त्याच्या यादीत ते फोल्डर नाही. कोकोपॉड्स प्रत्येक पॉडला बिल्डच्या जागेत वेगळं उपफोल्डर देतो, म्हणून यादीत ते उपफोल्डर असावंच लागतं. ही यादी कोकोपॉड्सच एका एक्ससीकॉन्फिग फाइलमध्ये (बिल्ड सेटिंग्जच्या फाइलमध्ये) लिहून ठेवतो, प्रत्येक कॉन्फिगरेशनसाठी वेगळी. ती फाइल स्टेजिंगला जोडली गेलेली नसणार. आणि जोडता आली नाही तर कोकोपॉड्स गप्प बसत नाही, सांगतो. पिवळ्या अक्षरांत.

अनंत_लूप | मंगळवार, संध्याकाळी ६:०७

*पार्श्वसंगीत*

कंसमामा | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

घ्या. देवनागरीत जमेल तसं: 'कोकोपॉड्स डिड नॉट सेट द बेस कॉन्फिगरेशन ऑफ युअर प्रोजेक्ट बिकॉज युअर प्रोजेक्ट ऑलरेडी हॅज अ कस्टम कॉन्फिग सेट.' आणि पुढे एका फाइलचं नाव, तिच्यात स्टेजिंग असा शब्द आहे.

मला वाटलं होतं रूबीच्या आवृत्तीबद्दल काहीतरी कुरकुर असेल. चार महिने टर्मिनलमध्ये पिवळं दिसलं की मी वर सरकवतो.

शून्यसूचक | मंगळवार, संध्याकाळी ६:५८

मिळालं. आधीच्या कुणीतरी स्टेजिंगसाठी स्वतःची एक्ससीकॉन्फिग फाइल जोडलेली आहे, बहुधा सर्व्हरचा पत्ता बदलायला. एका कॉन्फिगरेशनला अशी एकच मूळ फाइल जोडता येते. ती खुर्ची भरलेली होती, म्हणून कोकोपॉड्स मागे सरला. डीबगची खुर्ची रिकामी होती, तिथे तो बसला.

उपाय: तुमची स्टेजिंगची फाइल उघडा आणि सगळ्यात वर इन्क्लूडची ओळ घालून कोकोपॉड्सची स्टेजिंगची फाइल आत घ्या. ती पॉड्सच्या फोल्डरात 'टार्गेट सपोर्ट फाइल्स'मध्ये आहे. पुसायचं काही नाही.

जाता जाता: पॉडफाइलमध्ये सांगितलं नसेल तर कोकोपॉड्स स्टेजिंगसारख्या अनोळखी कॉन्फिगरेशनला रिलीजसारखं वागवतो. डीबगसारखं हवं असेल तर तसं पॉडफाइलमध्ये लिहा.

जुनाट_यंत्र | मंगळवार, रात्री ८:२०

निदान अचूक, मान गये. पण २०१९ पासून एक्सकोडमध्ये स्विफ्ट पॅकेज मॅनेजर आहे. कोकोपॉड्सवाल्यांनी २०२४ मध्येच सांगितलं की आता फक्त देखभाल, आणि डिसेंबर २०२६ मध्ये त्यांचं ट्रंक, म्हणजे पॉड्सची मध्यवर्ती नोंदवही, कायमचं वाचनमात्र करण्याची योजनाही जाहीर केली. म्हणजे त्यानंतर तिथे नवीन आवृत्त्या येणार नाहीत. चार वर्षं लायब्ररी नव्हती, आणि पहिली घेतली ती निघालेल्या गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून?

वाचनमात्र | मंगळवार, रात्री ८:२३

पुन्हा माझं नाव.

कंसमामा | मंगळवार, रात्री ९:०५

यंत्रकाका, मुद्दा बिनतोड आहे. पॉड्स घेतले कारण मला तेवढंच येत होतं. लॉटी स्विफ्ट पॅकेज म्हणूनही मिळते हे आज बघितलं.

उलटी_यादी | मंगळवार, रात्री ९:३०

पॅकेज मॅनेजरने 'नो सच मॉड्यूल' सुटतं असं मात्र समजू नका. पॅकेज प्रोजेक्टला घालतात आणि त्यातला प्रॉडक्ट टार्गेटला जोडायचा विसरतात. ॲपला जोडला आणि विजेटच्या एक्स्टेन्शनला नाही, हे तर मी दर महिन्याला करतो. डाव्या बाजूला पॅकेज दिसत असतं, तेवढ्यावर माणूस निर्धास्त असतो.

विसरभोळी | मंगळवार, रात्री ९:५०

विषय निघालाच आहे तर माझी 'मॅकवर चालतं, सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) नाही' ही गोष्टही ऐका. फाइलचं नाव मोठ्या 'एच'ने हेडर, इम्पोर्टमध्ये छोटा 'एच'. मॅकची डिस्क सहसा लहान-मोठं अक्षर एकच धरते, त्यामुळे चालतं. सीआय लिनक्सवर, तिथे दोन्ही वेगळी, त्यामुळे 'मॉड्यूल नाही'. मी फाइलचं नाव बदललं, पुश केलं, तरी तेच! कारण मॅकवर गिटलाही नाव बदललेलं कळलं नाही. आधी तिसरंच नाव देऊन कमिट, मग हवं ते नाव देऊन कमिट. गिट लॉगमध्ये 'हेडर२' अजून माझ्या नावाने उभं आहे.

कंसमामा | बुधवार, सकाळी ११:१५

अहवाल. इन्क्लूडची ओळ घातली, पॉड इन्स्टॉल केलं. पहिलं पिवळं गेलं. बिल्ड केलं. नो सच मॉड्यूल.

तेव्हा मनात जे आलं ते इथे लिहिता येणार नाही. पण या वेळी टर्मिनल वर सरकवलं नाही. नवीन पिवळं आलं होतं: स्टेजिंगमध्ये टार्गेटने 'फ्रेमवर्क सर्च पाथ्स' ही सेटिंग स्वतःच भरून ठेवली आहे, त्यामुळे कोकोपॉड्सची झाकली जातेय, 'इनहेरिटेड' (वरून आलेली यादीही धरा असं सांगणारा शब्द) वापरा. बिल्ड सेटिंग्ज उघडल्या. ती ओळ स्टेजिंगसाठी ठळक अक्षरांत, आत त्या हाताने ओढलेल्या दोन फ्रेमवर्क्सचा पाथ आणि दुसरं काहीच नाही. त्याच्या वर 'इनहेरिटेड' घातलं.

बिल्ड पास. ॲनिमेशन स्टेजिंगमध्ये नाचतंय. दोन दोष एकावर एक बसले होते, आणि वरचा काढल्यावर खालचा अगदी त्याच शब्दांत ओरडला, त्यामुळे काहीच बदललं नाही असं वाटलं.

शून्यसूचक, तुमचा 'पिवळं काय आहे' हा प्रतिसाद मंगळवारी सकाळी सात दहाचा आहे. मी उत्तर दिलं संध्याकाळी सहा चाळीसला. माफी असावी.

शून्यसूचक | बुधवार, सकाळी ११:३२

सवय आहे. माझ्या टीममध्येही मी हेच विचारतो.

अनंत_लूप | बुधवार, सकाळी ११:४०

मामा, ही सेटिंग नेमकी कुणी घातली ते गिट ब्लेममध्ये बघितलंत का?

कंसमामा | बुधवार, सकाळी ११:५५

बघितलं. दोन महिन्यांपूर्वी. मीच. मर्ज करताना दोन्ही बाजू ठेवायच्या होत्या, एकच ठेवली.

सासूबाई_कंपायलर | बुधवार, दुपारी १२:०१

आधीच्या मंडळींची माफी मागा.

कंसमामा | बुधवार, दुपारी ४:१०

माफी मागितली, आणि लगेच टेस्ट चालवल्या. टेस्टच्या टार्गेटमध्ये: नो सच मॉड्यूल 'लॉटी'. पिवळं काहीही नाही, विचारायच्या आधीच पाहिलं.

शून्यसूचक | बुधवार, दुपारी ४:१६

पॉडफाइलमध्ये टेस्टचं टार्गेट लिहिलंय?

कंसमामा | बुधवार, दुपारी ४:१८

नाही.

शून्यसूचक | बुधवार, दुपारी ४:२१

ॲपच्या टार्गेटच्या आत टेस्टचं टार्गेट लिहा आणि त्यात सर्च पाथ्स इनहेरिट करा. पॉड पुन्हा लिहायचा नाही. फ्रेमवर्क ॲपमध्ये आहेच, टेस्टला फक्त पत्ता हवाय.

कंसमामा | बुधवार, दुपारी ४:४४

चाललं. सात टेस्ट पडल्या, पण त्या लॉटीमुळे नाहीत. त्यांचा धागा वेगळा काढतो.